पहिला दाब संताचा

कल्लारमुडीत जीप चालवणाऱ्या कुणालाही विचारा, ब्रेक किती वेळा दाबायचा? तो तुम्हाला खुळ्यात काढेल. दोनदा. पहिला दाब संताचा, दुसरा चाकाचा. हे पोरांना अक्षरओळखीच्याही आधी कळतं, आणि हे शिकवलं अविराचन आशाननी.

इडुक्कीच्या डोंगरात आमचं गाव माथ्यावर आहे आणि वेलदोड्याचा मळा खाली. मधला अडीच किलोमीटरचा उतार असा आहे की त्याला नावच मुट्टुकुत्ती पडलं, गुडघे टेकायला लावणारा. उतार सुरू होतो तिथे संत गीवर्गीसची घुमटी आहे. संत घोड्यावर बसलेत, हातातला भाला खालच्या दरीवर रोखलेला. ड्रायव्हर तिथे आला की संताकडे बघत एकदा ब्रेक दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो आणि मग गाडी खाली सोडतो. जुन्या जीपच्या चाकांत ब्रेकचे गोल डबे, म्हणजे ड्रम असतात; त्यांना आतून घासणारे लायनर झिजतात, फट वाढते. पहिल्या दाबात ती फट भरते आणि दुसऱ्यात चाक धरलं जातं, एवढाच त्यातला चमत्कार. आशानना तो पक्का ठाऊक होता. पण ते म्हणायचे, "कारण सांगितलं तर माणूस आठ दिवसांत विसरतो. संताचं नाव घेतलं की पाय जन्मभर लक्षात ठेवतो."

आशान म्हणजे उस्ताद. आमच्याकडे ही पदवी कुणी देत नाही, ती आपोआप चिकटते, आणि चिकटली की निघत नाही. अविराचन पाच वर्षांचे असताना बापाने त्यांना टोपलीत बसवून, टोपली डोक्यावर घेऊन हा डोंगर चढवला. बारा वर्षांचे झाल्यावर ते पलीकडे तमिळ मुलखात बोडीला एका मिस्त्रीकडे राहिले आणि अकरा वर्षांनी एक पेटी पाने-पकडी आणि दोन पेट्या तमिळ शिव्या घेऊन परत आले. तेव्हापासून घुमटीजवळच्या फणसाखाली त्यांचं वर्कशॉप आहे. स्वतःच्या लग्नात, पाद्रीबाबा प्रश्न विचारत असताना, बाहेर वऱ्हाडाची जीप चढ चढताना ऐकून ते हळूच म्हणाले होते, "याचा तिसरा गिअर सुटणार." पाद्रीबाबांना वाटलं, नवरदेव नकार देतोय. थ्रेस्या, म्हणजे त्यांची बायको, ही गोष्ट अजून सांगते, आणि दर वेळी गिअर खरंच सुटला होता हेही सांगते, जरा नाइलाजानं.

"माझ्या हातून गेलेली जीप परत येते ती फक्त चहा प्यायला," हे आशानचं आवडतं वाक्य. ते खोटं आहे असं म्हणायची सोय नव्हती. एकसष्टी उलटली तरी चूक झाली असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यांचे विरोधक म्हणायचे, झालीच नाही. आणि विरोधकच असं म्हणायचे, म्हणजे बघा.

त्या वर्षी पाऊस ओसरल्यावर एका बुधवारी सिसिली आली. सिसिलीच्या बापाची जीप. बाप गेला, भाऊ परदेशात गेले, जीप राहिली, ती हिनं घेतली. एकोणिसाव्या वर्षी तिला चालवायला शिकवलं आशाननीच. आता ती अडतिशीची. रोज सकाळी सहाला अकरा बायकांना घेऊन मुट्टुकुत्ती उतरते, मळ्यावर सोडते, संध्याकाळी वर आणते. तिनं जीप फणसाखाली उभी केली, उतरली आणि नमस्कार वगैरे न करता म्हणाली, "आशान, मागचे ड्रम काढून टाका. डिस्क बसवा."

आशान कट्टन चहा पीत होते, दूध नसलेला, काळा. त्यांनी पेला खाली ठेवला. "काय बसवू?"

"डिस्क. उघड्या चकत्या. पुढं आहेत तशाच मागं."

"ड्रमनं तुझं काय घोडं मारलंय?"

"ओढ्यात मारलंय. ओढ्यातून बाहेर आले की ड्रममध्ये पाणी, वर लाल चिखल. आधी ब्रेक लागतच नाही, मग एकदम उजवंच चाक धरतं. गेल्या गुरुवारी मागची बाजू फिरून दरीकडे गेली, आशान. अकराजणी पुढून उड्या मारून उतरल्या. पेच्चियम्मा दोन दिवस चालत कामावर गेली, पण माझ्या जीपमध्ये बसली नाही."

पेच्चियम्मा त्या अकरांतली सगळ्यांत म्हातारी. ती चालत गेली म्हणजे मामला साधा नव्हता. आशाननाही ते समजलं, पण लगेच मान्य करतील तर ते आशान कसले.

"ड्रम उघडून धुवायचा. आठवड्याला."

"दर आठवड्याला धुते. वागमणला चिखलातल्या शर्यतींना पोरं येतात ना, त्यांच्या जीपना चारी चाकांना डिस्क असतात. चिखल आत राहतच नाही, चाकाबरोबर फिरतो आणि उडून जातो. मी डोळ्यांनी बघितलंय."

"ती पोरं वर्षातून दोनदा चिखलात जातात, आणि कपडे आईकडून धुऊन घेतात. तू रोज जातेस."

"म्हणूनच मला पाहिजे."

आशाननी पेला पुन्हा उचलला. मग सिसिलीनं शेवटचा पत्ता टाकला. "नाहीतर राहू दे. कट्टप्पनाला एकजण करतो म्हणे. आशानचं वय झालं, असं सांगेन त्याला."

"चार दिवस," आशान म्हणाले. "रविवारी सकाळी चर्चच्या अंगणात तीर्थ शिंपडायला उभी असेल गाडी."

"आधी कधी केलंय का हे काम?"

"तुझी आई तुला जन्म द्यायला बसली तेव्हा आधी कधी दिला होता का जन्म? तू थोरली ना? झालीस ना नीट?" आशान उठले. "किल्ली दे आणि घरी जा."

काम त्यांनी झोकात केलं, हे सांगितलंच पाहिजे. ड्रम काढले तेव्हा आतून ओंजळभर लाल चिखल निघाला. तो त्यांनी एका पत्र्यावर काढून ठेवला, सिसिलीला दाखवायला नव्हे, तर ड्रमवरचा स्वतःचा राग पक्का करायला. भंगारातल्या एका मोटारीच्या डिस्क आणि कॅलिपर आणले. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा लोखंडी मुठका. जीपच्या ॲक्सलला तो बसायला जागाच नसते, म्हणून जाड पोलादाच्या पट्ट्या कापून, लेथवर भोकं पाडून दोन ब्रॅकेट घडवले. भोकं केसभरही इकडची तिकडे झाली नाहीत. हँडब्रेक गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर होता, त्यामुळे ड्रम गेले तरी त्याला धक्का नव्हता. शुक्रवारी दुपारपर्यंत डिस्क चाकामागे ताटलीसारख्या चमकायला लागल्या.

एकच अडचण आली. कॅलिपरला तेल पोचवणारी रबरी नळी स्प्रिंगच्या पाट्यांच्या यू-बोल्टला घासत होती. आशान खाली पडून बघत राहिले. मग त्यांना युक्ती सुचली. डावा कॅलिपर उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. नळीचं तोंड दुसऱ्या अंगाला गेलं आणि घासणं संपलं. सगळं असं बसलं की जणू कारखान्यातून तसंच आलंय. आशान स्वतःवर इतके खूष झाले की शेजाऱ्याला हाक मारून दाखवलं. शेजाऱ्याचं दुकान भाजीचं, पण त्यानंही मान डोलावली.

मग ब्रेकमधली हवा काढायची. नळीत तेल भरलं की आत हवा राहते, ती काढल्याशिवाय ब्रेक कामाचा नाही. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकापाशी. आशानकडे छत्तीस वर्षं पेडलवरचं माणूस थ्रेस्याच. मांडीवर सुपात वेलदोडे घेऊन ती ड्रायव्हरच्या जागी बसायची, वेलदोडे निवडत निवडत पाय चालवायची.

"मार," आशान खालून म्हणाले. "मार. मार. धर."

थ्रेस्यानं पाय धरला. आशाननी कॅलिपरचं हवा काढायचं निप्पल सैल केलं, तेल नळीतून बाटलीत आलं. एक बुडबुडा नाही. चार वेळा केलं, बुडबुडा नाही. तेल कसं, आरशासारखं.

"अहो," थ्रेस्या वरून म्हणाली, "पहिला दाब खालपर्यंत जातोय. शिजलेल्या पेजेत पाय घातल्यासारखा."

"पहिला संताचा."

"संताचासुद्धा इतका खाली जात नाही कधी."

"तू पाय चालव. तोंड नको."

थ्रेस्यानं तोंड बंद केलं. छत्तीस वर्षांच्या संसारात ती किती वेळा बरोबर होती याचा हिशेब तिच्याकडे होता, पण तो मांडायला ती योग्य वेळेची वाट बघायची.

शनिवारी आशाननी सिसिलीला शेजारी बसवलं आणि जीप स्वतः मुट्टुकुत्तीवरून खाली नेली. घुमटीपाशी दाब, दाब. वळणावर दाब, दाब. ओढ्यात चाकं अर्धी बुडवली, बाहेर काढली आणि लगेच पुढच्या उतारावर दाब, दाब. जीप खुंटीला बांधल्यागत उभी राहिली. ना डावीकडे ओढ, ना उजवीकडे. सिसिली खाली उतरली, मागच्या चाकाशी वाकली, डिस्कवरून बोट फिरवलं. बोटाला लाल रेघसुद्धा लागली नाही. ती नुसती हसली. आशाननी खिशातून बिडी काढली आणि कट्टप्पनाच्या दिशेनं धूर सोडला.

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर सगळं गाव चर्चच्या अंगणात जीपभोवती जमलं. नवी गाडी असो की नव्यानं केलेली, आमच्याकडे तीर्थाशिवाय तिला रस्ता दिसत नाही. जोबी अच्चन, म्हणजे आमचे नवे पाद्री, दोन महिन्यांपूर्वीच आले होते. वय तीसच्या आत. गाव खाली आलप्पुझाकडचं, चहूकडे पाणी आणि भातशेती, सगळ्यांत उंच जागा म्हणजे कालव्यावरचा पूल. डोंगर त्यांना इथंच पहिल्यांदा भेटला. चर्चची छोटी मोटार ते बिचकत चालवायचे, आणि गाव बघून न बघितल्यासारखं करायचं.

अच्चननी तीर्थ शिंपडलं, प्रार्थना म्हटली, आणि पोरासारखे डोळे करून म्हणाले, "सिसिली, मी एक चक्कर मारू? इथल्या इथे."

"मारा की अच्चो. आशानचं काम आहे, गाडी स्वतःच चालते," सिसिली म्हणाली.

अंगणाला जरासा उतार आहे. उतार संपतो तिथे आगामी सणासाठी बांबूची कमान उभी केलेली, तिच्यापलीकडे केळी. अच्चन बसले, जीप सुरू झाली, अंगणाच्या कडेनं वळली आणि उताराला लागली. जोरात मुळीच नव्हती. ती कमानीपाशी आली, थांबली नाही, कमान घेऊन पुढे गेली आणि तीन केळी आडव्या करून चौथीला टेकली. बांबू एकामागून एक पडत राहिले. मग सगळं शांत झालं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अच्चन जीपमधून उतरले तेव्हा त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "मी ब्रेक दाबला होता," ते म्हणाले. "दाबला होता मी."

आशान तोवर तिथे पोचले होते. ते आत बसले, पाय पेडलवर ठेवला. दाब, दाब. पेडल दगडासारखं. गाडी मागं घेतली, पुढं सोडली, दाब, दाब, जागच्या जागी उभी. गावानं बघितलं. आशान खाली उतरले आणि अच्चनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अच्चो, तुमच्याकडे होड्या. होडीला ब्रेक नसतो. सवय व्हायला वेळ लागणारच."

सगळं अंगण हसलं. अच्चनही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी किल्ली आशानच्या हातावर ठेवली आणि ते चर्चमध्ये निघून गेले. सिसिली जीप घेऊन घरी गेली. पुढच्या बंपरला जरा पोचा आला होता, तेवढंच.

दुपारी आशान जेवायला बसले. कप्पा, म्हणजे टॅपिओकाचा कंद, उकडलेला, बीफ परतलेलं, कांदा, सगळं रविवारसारखं. थ्रेस्या वाढत होती पण बोलत नव्हती. थ्रेस्या न बोलता वाढायला लागली की आशान जेवण लवकर आटपायचे. आज त्यांना ते जमलं नाही.

"ओ माणसा," ती म्हणाली. रागावली की ती नवऱ्याला नुसतं माणसा म्हणायची. "अच्चननी ब्रेक किती वेळा दाबला?"

"एकदा दाबला असेल. घाबरून."

"आणि तुम्ही?"

"मी कसा दाबतो तसा."

"किती वेळा?"

आशानचा घास हातातच राहिला.

"मी शुक्रवारी काय म्हणाले होते?" थ्रेस्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बीफचं भांडं उचलून आत गेली.

आशाननी हात धुतला. कप्पा तसाच ताटात. सिसिलीचं घर तिथून शंभर पावलांवर, वरच्या अंगाला. अंगणात जीप उभी होती, घरात सगळे दुपारचे झोपलेले. आशान जीपमध्ये बसले. पाय पेडलवर ठेवला आणि स्वतःला बजावलं, एकदा. पाय खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. त्यांनी पाय काढला. पुन्हा ठेवला. एकदा, अविराचन, एकदाच. पायानं पुन्हा दोनदा दाबला. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरून ठेवला, तरी तळपाय आपला हलायचा तसा हललाच. घराच्या वाटेला लागलेला बैल आणि हा पाय, दोघंही ऐकणाऱ्यांतले नव्हते. जन्मभर दुसऱ्यांच्या पायांना शिकवलेलं आता त्यांच्याच पायाला विसरवता येईना.

थ्रेस्या मागोमाग आली होती. कुंपणापाशी उभी होती.

"बस," आशान म्हणाले. "मी सांगेन तेव्हा एकदाच दाब. आणि धरून ठेव."

ती बसली. आज मांडीवर सूप नव्हतं. आशान खाली वाकून पेडलकडे बघत राहिले. "दाब."

थ्रेस्याचा पाय खाली गेला, गेला, आणि पत्र्याला टेकला. आशाननी तिला पाय काढायला सांगितला, थोडं थांबायला लावलं, पुन्हा एकदा दाबायला लावलं. पुन्हा पत्रा.

ते चाकामागे अंगणात आडवे झाले आणि वर बघितलं, तर हवा काढायचं निप्पल कॅलिपरच्या खालच्या अंगाला. कॅलिपर डाव्याचा उजवा केला तेव्हा वरचं निप्पल खाली आलं होतं. ड्रममध्ये ही अदलाबदल करायची पाळीच कधी आली नाही, त्यामुळे बघायची सवय नव्हती. हवा वर जाते हे पेज शिजवणाऱ्या पोरीलाही कळतं. हवा वरच्या पोकळीत आरामात बसून राहिली, आणि खालच्या भोकातून येणारं स्वच्छ तेल बघून आशान आरसा आरसा करत राहिले. पहिला दाब त्या हवेत जात होता. दुसऱ्याला ब्रेक लागत होता. आणि या डोंगरात दुसरा दाब न मारणारा कोण होता?

त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते फार सोयीचं होतं. सिसिली दोनदाच दाबणार. सगळेच दोनदा दाबतात. उद्या सकाळी सहाला, परवा सहाला, वर्षभर, कुणाला काहीही कळणार नाही. मग त्यांच्या डोळ्यांपुढे ओढ्यानंतरचं ते वळण आलं, तिथे झुडपातून वासरू रस्त्यावर येतं. वासरू आलं की एकच दाब मारायला वेळ असतो. संताचा तेवढा. मागे अकरा बायका डबे मांडीवर घेऊन बसलेल्या. आशान घाबरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या कामाला घाबरले, आणि मग त्यांना स्वतःचा इतका राग आला की बोडीच्या दोन्ही पेट्यांतलं सगळं त्यांनी स्वतःलाच ऐकवलं.

त्या आवाजानं सिसिली बाहेर आली. केस सुटलेले, डोळ्यांत झोप.

"सिसिली, माझी चूक झाली," आशान म्हणाले.

सिसिली त्यांच्याकडे बघत राहिली. मग थ्रेस्याकडे वळली. "चेडत्ती, यांना ताप आहे का?"

"नाही गं. आज उतरलाय," थ्रेस्या म्हणाली.

आशाननी सगळं जसंच्या तसं सांगितलं, आडपडदा न ठेवता. सिसिलीचं तोंड बारीक झालं. आत जाऊन दिवा आणि जॅक घेऊन आली. कॅलिपर पुन्हा ज्याच्या त्याच्या जागी गेले. नळी यू-बोल्टला घासू नये म्हणून आशाननी पत्र्याची एक पट्टी वाकवून तिला वरच्या बाजूला अडकवलं. तासाभराचं काम, शुक्रवारीच करायला हवं होतं. मग थ्रेस्या बसली. मार, मार, मार, धर. या वेळी बाटलीत बुडबुडे आले ते उकळत्या भातासारखे, किती तरी वेळ येत राहिले. ते थांबल्यावर आशान म्हणाले, "आता एकदाच."

"दगड," थ्रेस्या म्हणाली. तिनं दुसऱ्यांदा दाबायचं कारणच नव्हतं.

दिवेलागणीला आशान चर्चवर गेले. अच्चन नव्हते. घंटा वाजवणारा म्हातारा म्हणाला, "वरच्या वाडीत एक आजारी आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करून पवित्र तेल लावायला गेलेत. चालत."

"मोटार बिघडली का?"

"किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाले, नीट शिकत नाही तोवर हात लावणार नाही."

वरची वाडी म्हणजे जाऊन-येऊन आठ किलोमीटर. आशान पायरीवर बसून राहिले. संध्याकाळची प्रार्थना आटपून माणसं अंगणात रेंगाळत होती, बायका पडलेल्या कमानीचे बांबू गोळा करत होत्या. अच्चन आले ते चपला हातात घेऊन, झग्याची कड लाल झालेली. आशान उठले आणि बोलले ते हळू नाही. वर्कशॉपातून रस्त्यापलीकडच्या ड्रायव्हरला सांगावं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"अच्चो, सकाळी मी होडीचा विनोद केला तो परत घेतो. ब्रेक खराब होता. मीच तो खराब बसवला होता. तुमचा पाय बरोबर होता."

बांबू उचलणाऱ्या बायकांनी वळून बघितलं. अच्चन पायरीवर बसले. "म्हणजे मी दाबला होता?"

"दाबला होता. या डोंगरात एकदा दाबणारा एकच पाय आहे, तो तुमचा. बाकी सगळे मी बिघडवलेत."

अच्चननी हातातल्या चपला खाली ठेवल्या, आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "आशान, जाताना आणि येताना मी एकच विचार करत होतो. मिस्सेआधी त्या कमानीखाली धर्मशिक्षणाची पोरं बसली होती. बावीस. मी मोजली होती."

आशानना अकरा बायका आठवल्या होत्या. बावीस पोरं त्यांना आठवली नव्हती. ते अच्चनच्या शेजारी पायरीवर बसले. बायका बांबू रचत होत्या.

शेवटी आशाननी गुडघ्यावर थाप मारली. "उद्यापासून माझ्याकडून कुठलीही जीप सुटायची असेल तर आधी तुम्ही बसायचं. तुमचा पाय मला लागेल."

"किती वेळा दाबायचं?"

"एकदाच. आणि कुणी काही शिकवायला लागलं तर ऐकायचं नाही. माझंसुद्धा."

सोमवारी सहाला घुमटीपाशी जीप आली तेव्हा आशान हातात जेवणाचा डबा घेऊन रस्त्यात उभे होते. पुढच्या जागी पेच्चियम्मा बसली होती. तिला त्यांनी मागे जायला लावलं आणि स्वतः बसले. पेच्चियम्मा तमिळमध्ये काय पुटपुटली ते आशानना शब्दन् शब्द कळलं, कारण ते शब्द तेही बोडीलाच शिकले होते.

सिसिलीनं संताकडे बघितलं. दाब, दाब. गाडी उताराला लागली. मागे बायकांचं बोलणं सुरू होतं, कुणाच्या पोरीचं ठरलं, कुणाच्या सासूनं काय केलं. ओढा आला. पाणी हबपर्यंत चढलं, चाकं लाल होऊन बाहेर आली. गाडी पुढच्या उताराला लागली, वळण आलं, त्या गुरुवारी जिथे जीप फिरली होती तेच. आशान समोर बघत शांतपणे बसले होते. तसेच बसल्या बसल्या ते ओरडले, "वासरू!"

सिसिलीचा पाय गेला. जीप जागच्या जागी थांबली, सरळ, नाक रस्त्याकडे. मागे डबे आपटले, दोघीतिघी एकमेकींच्या अंगावर पडल्या, कुणी गीवर्गीसला हाक मारली, कुणी मारियम्मन देवीला. मग सगळ्यांनी पुढे बघितलं. रस्ता मोकळा होता.

सिसिली हळूच आपल्या पायाकडे बघायला लागली. पाय अजून पेडलवर होता. "एकदाच दाबला मी," ती म्हणाली.

"हं," आशान म्हणाले. त्यांचा हात मघापासून गुडघा धरून बसला होता, तो त्यांनी सोडला.

पेच्चियम्मानं मागून डोकं पुढे काढलं. तिच्या लुगड्यावर सांबार सांडलं होतं. "वासरू कुठाय?"

"नाहीये, अम्मा."

"मग आधी सांगायला काय झालं होतं? माझं जेवण गेलं."

"आधी सांगितलं असतं तर हिनं दोनदा दाबला असता," आशान म्हणाले आणि स्वतःचा डबा तिच्या मांडीवर ठेवून उतरले. मुट्टुकुत्तीचा चढ ते उपाशीपोटी चालत चढले, आणि वर घुमटीपाशी पोचल्यावर संताला म्हणाले, "तुझा पहिला दाब मी परत घेतलाय. राग मानू नकोस."